माप आणि मोल

रमजानचा शेवटचा आठवडा सुरू झाला की आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या फाटकावर एक कागद लागतो. त्यावर यंदाच्या फित्र्याचे दर लिहिलेले असतात. वर गहू, त्याखाली जव, मग खजूर आणि शेवटी किशमिश. पहिली रक्कम शंभराच्या आत असते, शेवटची हजाराच्या आसपास किंवा त्याहूनही वर. येणारा-जाणारा बहुधा पहिलीच ओळ वाचतो, घरातल्या माणसांच्या संख्येने तिला गुणतो आणि पुढे जातो. लहानपणापासून मी हा कागद पाहत आले आहे. पण तो दर वर्षी नव्याने का लावावा लागतो, हा प्रश्न मला अगदी अलीकडे पडला.

उत्तर तसे सोपे आहे. शरीअतने फित्र्याचे पैसे ठरवलेले नाहीत, माप ठरवले आहे. एक साअ, म्हणजे अरबांच्या घरात धान्य मोजायचे एक भांडे. खजूर असेल तर इतकी भांडी, जव असेल तर इतकी. आपल्या हनफी लोकांत गव्हाचे माप अर्धा साअ धरतात. त्याचे वजन कुठे पावणेदोन किलो सांगतात, कुठे दोन किलोच्या थोडे वर. माप चौदाशे वर्षे जागचे हललेले नाही. हलते ती किंमत, म्हणून कागद बदलतो.

मग धान्य देणे आणि धान्याचे पैसे देणे या दोन्ही गोष्टी एकच आहेत का? हा प्रश्न वरवर हिशेबनिसाचा वाटतो. मदरशात शिकणाऱ्या मुलांनी किताबी उघडून त्यावर बहस करावी आणि बाकीच्यांनी ईदच्या शीरखुर्म्याकडे लक्ष द्यावे, असाच. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मशिदीच्या फाटकावरून उठून हजारो घरांच्या चुलीपर्यंत आला आहे.

झाले ते असे. विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या फार होत होत्या, तिथल्या केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना राज्य सरकारने २०१५ पासून स्वस्त धान्य द्यायला सुरुवात केली. ही कुटुंबे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत बसत नव्हती, म्हणून वेगळी योजना. माणशी महिन्याला पाच किलो धान्य, गहू दोन रुपये किलो, तांदूळ तीन रुपये किलो. यवतमाळ या १४ त होताच. हे धान्य केंद्राच्या साठ्यातून येत असे. २०२२ मध्ये ते येणे थांबले. २०२३ च्या फेब्रुवारीत शासन निर्णय निघाला की आता धान्याऐवजी माणशी महिन्याला दीडशे रुपये बँकेच्या खात्यात जमा होतील.

पाच किलोला दीडशे, म्हणजे किलोला ३० रुपये. कागदावर पाहिले तर सरकारने कंजुसी केली असे म्हणता येणार नाही. त्या भावात २०२३ मध्ये साधा गहू मिळत होता. मग बिघडले कुठे?

आर्णी तालुक्यात आमच्या अब्बांचे चार एकर शेत आहे. त्याच्या धुऱ्याला धुरा लागून एका काकूंचे शेत आहे. काकूंचे कार्ड केशरी. मागच्या उन्हाळ्यात मी शेतावर गेले तेव्हा त्या पळसाखाली बसून तुरीच्या तुराट्या बांधत होत्या. मी सहज विचारले,

“काकू, दाण्याचे पैसे येतात ना आता?”

“येते वं बाई. कधी येते, कधी नाई. आले त बँकेत येते. बँक आर्णीले. एक दिवस बुडते तिथं.”

“पण पैसे हातात आले तर हवे ते घेता येते की.”

“घेता येते, पर घेतलं जाते का? दाने घरात आले त ते शिजतेच वं माय. पैसा आला त त्याले दहा जागा रिकाम्या. फवारनी हाय, पोट्ट्याची फी हाय, दवाखाना हाय. पोट बी मांगते, पर ते उधारीवाल्यावानी दारात येऊन उभं नाई राहत.”

मी बी.एड. केले आहे, मानसशास्त्राचे दोन पेपर दिले आहेत. पण गरिबाच्या घरात पैसा आणि धान्य यांत काय फरक असतो हे मला इतक्या थोडक्यात कुणी शिकवले नव्हते.

शाळेत परतल्यावर स्टाफरूममध्ये हे सांगितले तेव्हा आमचे एक सहकारी लगेच म्हणाले, “आपा, तुम्ही गरिबाला अक्कल नाही असे धरून चालता. त्याला गहू देणे म्हणजे तू काय खायचे ते आम्ही ठरवणार असे सांगणे. त्याच्या घरात आज ताप असेल तर तो गव्हाचे काय करील? इमाम अबू हनीफांनी फित्र्यात किंमत द्यायला परवानगी दिली ती याचसाठी ना? ज्याची गरज, त्यालाच तिची माहिती.”

हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. रेशनच्या दुकानात कुठला गहू येतो, कुठला तांदूळ येतो, हे मी पाहते. आमच्या भागातला माणूस भाकरी खाणारा. त्याच्या पिशवीत तांदूळ पडतो आणि तो तांदूळ फिरून व्यापाऱ्याकडे जातो, हे कुणाला ठाऊक नाही? पैसे दिले तर निदान ज्वारी घेता येईल. शिवाय मोफत धान्याच्या रांगेत उभे राहताना माणसाची मान खाली जाते, खात्यात आलेल्या पैशाला कुणी पाहत नाही. फिक्हच्या बाजूनेही पाहा. महाराष्ट्रातल्या आपल्या समाजातच दोन्ही उत्तरे नांदत आहेत. कोकणातले आपले शाफई बांधव अजूनही तांदूळ मापून फित्रा देतात; आम्ही वऱ्हाडातले हनफी नोटा मोजतो. दोन्ही इमाम हक्कावर, असे आपण म्हणतो. मग वाद कुठे उरतो?

माझ्या मते तो तिथे उरतो, जिथे भाव वाढतो. धान्य कबूल केले तर वाढलेल्या भावाचा बोजा देणाऱ्यावर पडतो. पैसे कबूल केले तर तो घेणाऱ्यावर पडतो. पाच किलो म्हणजे पुढच्या वर्षीही पाच किलोच. दीडशे रुपये मात्र पुढच्या वर्षी पाच किलो असतीलच असे नाही. काकूंना मिळणाऱ्या दीडशेचे १७० व्हायला २०२४ उजाडावे लागले, आणि त्यासाठी पुन्हा शासन निर्णय लागला. बाजाराला भाव वाढवायला कुठलाही शासन निर्णय लागत नाही.

आणि हे भाव कुठून वाढतात! २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. काळ्या समुद्राच्या काठचे हे दोन्ही देश जगाला गहू पुरवणारे. तिकडची जहाजे अडली. मार्चमध्ये आपल्याकडे पंजाब-हरियाणात अवेळी उष्णतेची लाट आली आणि दाणा भरण्याआधीच वाळला. जगात भाव चढलेला, म्हणून व्यापाऱ्यांनी हमीभावापेक्षा जास्त देऊन गहू उचलला. सरकारची गव्हाची खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली. १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात बंद झाली. पुढच्या वर्षी जुलैत साध्या पांढऱ्या तांदळाचीही झाली, आणि आपल्या तांदळावर जगणारे आफ्रिकेतले गरीब देश अडचणीत आले. ज्याचे नावही काकूंनी ऐकलेले नाही अशा बंदरात जहाज अडते आणि आर्णी तालुक्यातल्या त्यांच्या पिशवीतले दाणे थांबतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरकारी गोदामातला तांदूळ गाड्यांच्या इथेनॉलसाठी कारखान्यांना विकायची परवानगी पुन्हा मिळाली. काकूंच्या पिशवीत दाणे मात्र परत आले नाहीत. जगाची तोंडे वाढली हे खरे. २०२२ च्या नोव्हेंबरात आपण ८०० कोटी झालो. पण तोंडांबरोबर गुरांचे खाद्यही वाढले आणि गाड्यांची टाकीही धान्य मागू लागली. या रांगेत जो पैसे घेऊन उभा आहे त्याला आपल्या पुढे कोण उभा आहे हे दिसतसुद्धा नाही.

या संदर्भात अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळावर लिहिलेल्या पुस्तकाची आठवण होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, तेव्हा बंगालात धान्य अगदीच नव्हते असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले. मला त्यातली एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दुसऱ्याची जमीन अर्धेलीने करणारा, पिकाचा वाटा धान्यात घेणारा कुळवाला गरीबच होता. पण रोख मजुरी घेणारा शेतमजूर त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त मेला. कोळी मेले, न्हावी मेले. ज्यांच्या हाती दाणे होते ते कसेबसे तगले. ज्यांच्या हाती पैसे होते, त्यांचे पैसे भात महागल्यावर एका महिन्यात पाचोळा झाले.

अर्थात याची दुसरी बाजूही आपल्याच राज्यात घडलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, तलाव खोदणाऱ्या माणसांना मजुरी मिळाली ती मुख्यतः रोख. १९७३ च्या मे महिन्यात जवळपास ५० लाख माणसे त्या कामांवर होती. बंगालसारखे मुडदे इथे पडले नाहीत. पण त्यावेळी रेशनच्या दुकानात लाल मिलो होती आणि कामावर सुकडी मिळत होती हेही विसरून चालणार नाही. जुनी माणसे मिलोचे नाव काढले की अजून तोंड वाकडे करतात, पण ती होती म्हणून हातातल्या पैशाला मोल होते.

खरे तर माप जाऊन मोल आले ते सरकारने आणले असे म्हणणे अर्धेच खरे आहे. आमच्या शेतांनीच ते आधी आणले. माझ्या लहानपणी अब्बांकडे साल करणारा गडी होता. त्याला वर्षाची ठरलेली रक्कम आणि ठरलेली पोती ज्वारी मिळत असे. सोंगणीला आलेल्या बायका कणसे घेऊन जात. मोहल्ल्यातली एखादी बेवा सुगीत खळ्यावर आली तर अम्मी तिचा पदर ज्वारीने भरून पाठवी. त्याला कुणी सदका म्हणत नसे, काहीच म्हणत नसे. मग २००२ नंतर बीटी कापूस आला, त्याच्या मागे सोयाबीन पसरले. रोही आणि रानडुकरांनी उभी ज्वारी राखू देईनात, परतीच्या पावसात दाणा काळा पडे, सोंगायला माणूस मिळेना. अब्बांनी ज्वारी बंद केली. त्या वर्षी सालदाराला ज्वारी कुठून देणार? त्याला तेवढे पैसे वाढवून दिले. तो काही बोलला नाही. कापूस वेचणारणीला किलोमागे पैसे देतात. तिला कापूस घरी नेऊन काय उपयोग! बोंड खाता येत नाही, सोयाबीनही आपल्याकडे कुणी भाजून खात नाही. ज्या शेतात खायचे पिकतच नाही, त्या शेतावरून पदर भरून कुणाला पाठवणार?

आणि हा तो जिल्हा, ज्याने वसंतराव नाईक दिले. पुसद तालुक्यातल्या गहुलीचा हा माणूस मुख्यमंत्री असताना १९६५ मध्ये पुण्यात जाहीर बोलला होता की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर चढवा. संकरित ज्वारी त्यांनी बांधाबांधावर पोचवली. त्यांच्या जिल्ह्यात आज शेतकरीण ज्वारीला महाग झाली आहे. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे केले. शहरातल्या डॉक्टरांनी भाकरी खायला सांगितली, ज्वारीने गव्हाला मागे टाकले आणि ज्यांची ती रोजची भाकरी होती त्यांच्याच ताटातून ती उठली. शाळेत आम्ही पोरींकडून भरडधान्यांची पोस्टर्स करून घेतली. एका पोरीने ज्वारीच्या कणसाला मक्याची पाने काढली होती. तिने ज्वारी उभी पाहिलेली नव्हती, तिला काय बोलणार?

यात शेतकऱ्याला दोष देण्याचा माझा इरादा नाही. तो तर दोन्हीकडून कापला जातो. विकताना भाव पडण्याचा बोजा त्याच्यावर, विकत घेताना भाव चढण्याचा बोजाही त्याच्यावर. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता, पण बाजारात ते त्याच्या कितीतरी खाली गेले. आणि तेलाचा डबा मात्र त्याच सुमारास महागला. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ ला बायको-मुलांसह जीवन संपवले, ती गोष्ट आमच्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या आठवणीत अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाने २०१७ पासून दर १९ मार्चला एक दिवस अन्नत्याग सुरू केला. २०२४ आणि २०२५ ला ही तारीख रमजानात आली. आम्ही तसेही उपाशीच होतो. पण सकाळी सेहरी केलेल्याचा उपास आणि घरात पीठ नसलेल्याचा उपास यांत काय साम्य, असा विचार त्या दिवशी इफ्तारीची प्लेट समोर आल्यावर मनात आला आणि खजूर हातातच राहिला.

माझ्या पेशात मला हा प्रश्न सर्वांत जवळून भेटला तो २०२१ मध्ये. कोरोनाने शाळा बंद होत्या. आदल्या वर्षी आम्ही पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य मोजून पालकांना वाटले होते. तोंडाला रुमाल बांधून आया रांगेत उभ्या राहत, पिशवीचे तोंड उघडत, आम्ही तराजू धरत असू. २०२१ च्या उन्हाळी सुट्टीचे धान्य मात्र द्यायचे नाही, त्याचे पैसे मुलांच्या खात्यात टाकायचे, असे ठरले. रक्कम होती मुलामागे दीडशे ते सव्वादोनशेच्या घरातली. खाते मुलाच्या नावाचे हवे. बँकेत गेले तर तिथले साहेब म्हणाले, आधी खात्यात हजार रुपये भरा. हजार रुपये भरून दीडशे रुपये मिळवायचे हे गणित मी पाचवीच्या वर्गाला घातले असते तर मुले हसली असती. त्यांच्या आया हसल्या नाहीत. एक म्हणाली, “आपा, वो चावलही दे देते तो अच्छा था. बच्चे के नाम का था तो बच्चे के पेट में जाता था.” तिचे म्हणणे काकूंच्याच म्हणण्यासारखे होते. फरक इतकाच की एक मराठीत बोलली, एक उर्दूत.

इथे मला आपल्या इतिहासातला एक प्रसंग सांगावासा वाटतो. मी आलिमा नाही, चुकले तर जाणकारांनी दुरुस्त करावे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्या काळात मदिनेचे लोक फित्रा देत तो खजूर, जव, किशमिश, पनीर अशा जिन्नसांचा, पुरा एक साअ. नंतर हजरत अमीर मुआविया (रजि.) मदिनेला आले. त्या वेळी शामचा गहू मदिनेत येऊ लागला होता आणि तो महाग होता. या गव्हाचा अर्धा साअ मला खजुरीच्या पुऱ्या साअच्या बरोबरीचा वाटतो, असे ते मिंबरवरून बोलले. लोकांनी ते मानले. हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांनी मात्र सांगितले की मी पूर्वी जेवढे देत होतो तेवढेच देत राहीन.

अर्ध्या मापाच्या मुळाशी हीच किंमतीची तुलना आहे, असे काही जाणकार मानतात. हनफी आलिम त्यासाठी दुसऱ्या रिवायतीही दाखवतात. त्या वादात मी पडत नाही. मला दिसते ते एवढेच, की तेव्हा गहू महाग होता म्हणून अर्धा पुरेसा वाटला, आणि आज मशिदीच्या फाटकावरच्या कागदावर गहू सर्वांत स्वस्त आहे आणि मापही त्याचेच अर्धे आहे. ज्याची ऐपत किशमिशीची आहे, ज्याच्या घरी ईदच्या दिवशी चारोळी-पिस्ते किलोने येतात, तोही पहिल्याच ओळीवर बोट ठेवतो. फतव्याच्या हिशेबाने त्याचा फित्रा अदा होतो. पण मग दीडशे रुपये देऊन हिशेब पुरा झाला म्हणणाऱ्या सरकारवर आपण कोणत्या तोंडाने बोट रोखायचे? अलीकडे बऱ्याच ठिकाणी चारही दर लिहू लागले आहेत, ही आलिमांची मेहरबानी. वाचणे आपल्या हाती आहे.

धान्य आणि किंमत यांची याहून जुनी गोष्ट हजरत युसूफ (अलै.) यांच्या किश्शात आहे, आणि ती आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. आपण त्यातले स्वप्न लक्षात ठेवतो, सात वर्षे सुगीची आणि सात टंचाईची. कणसातच दाणे राखून ठेवायची युक्ती लक्षात ठेवतो. मला दोन तपशील अलीकडे जास्त दिसतात. पहिला असा की भाऊ पहिल्यांदा धान्य न्यायला मिसरला आले तेव्हा युसूफ (अलै.) यांनी त्यांना पुरे माप दिले आणि त्यांनी आणलेली किंमत गुपचूप त्यांच्याच सामानात परत ठेवायला लावली. दुसरा असा की पुढे भाऊ पुन्हा आले तेव्हा त्यांच्याजवळ फारसे काही नव्हते. आमची पुंजी तोकडी आहे, पण माप पुरे द्या, असे त्यांचे मागणे होते. किंमत तोकडी असली तरी भूक तोकडी नसते, हे त्या मागण्यात गृहीत आहे. राज्याच्या कोठाराची किल्ली ज्याच्या हाती असते त्याच्याकडे माणूस असे मागू शकतो. किराणा दुकानात असे मागून पाहा.

आता त्याच मिसरचे पाहा. जगात सर्वांत जास्त गहू विकत घेणाऱ्या देशांत आज इजिप्तचे नाव येते. तिथे सरकारी सवलतीची रोटी तीस-पस्तीस वर्षे पाच पियास्त्रे, म्हणजे जवळजवळ फुकट होती. किंमत वाढवली तर लोक रस्त्यावर येतील या भीतीने सरकारने तिचे वजन कमी केले. २०२० मध्ये ११० ग्रॅमची रोटी ९० ग्रॅमची झाली. शेवटी २०२४ च्या जूनमध्ये किंमतही पाचाची वीस झाली. आणि त्याच सुमारास तिथले पंतप्रधान सांगू लागले की रोटी आणि शिधा देण्यापेक्षा लोकांना रोख रक्कमच द्यावी का, याचा विचार चालू आहे. तिथल्या गरिबांनाही पंक्तीत बसवून कुणीतरी समजावत असेल की पैसा म्हणजे तुमची आझादी.

पैसे देऊच नयेत असे मी म्हणत नाही. स्टाफरूममधल्या सहकाऱ्यांचे तापाचे उदाहरण मला पटले होते आणि अजूनही पटते. पण पैसे धान्याच्या जागी देत असाल तर त्यांची नाळ धान्याच्या मापाशी राहिली पाहिजे. मशिदीच्या फाटकावरचा कागद तेच करतो. कुणी आंदोलन करावे लागत नाही, कुणाला निवेदन द्यावे लागत नाही. दर रमजानला आजच्या बाजारातला आजचा भाव काढतात आणि रक्कम लिहितात, कारण कर्ज पैशाचे नसून मापाचे आहे हे सगळ्यांना मान्य आहे. पाच किलोची किंमत दरवर्षी, दर महिन्याला, आर्णीच्या बाजारात काकूंना ज्या भावाने मिळते त्या भावाने काढायला सरकारला काय अडचण आहे? त्याहून, ज्या गावात बँक नाही तिथे दाणे घ्यायचे की पैसे, हे काकूंना विचारायला काय हरकत आहे? त्या दोन्हींचा हिशेब आपल्या सगळ्यांपेक्षा बरा जाणतात.

मागच्या रमजानमध्ये मी एक प्रयोग करून पाहिला. फित्रा धान्यातच द्यायचा असे ठरवले आणि गोळा करायला आलेल्या मुलासमोर गव्हाची पिशवी ठेवली. तो बिचारा सायकलवर होता. म्हणाला, “आपा, पैसेच द्या ना. हे मी कुठे ठेवू?” त्याचे बरोबर होते. मी पैसे दिले, मात्र दुसऱ्या ओळीच्या हिशेबाने नाही, तिसऱ्या ओळीच्या. चौथी ओळ माझ्या पगारात बसेल की नाही याचा विचार करत दार लावले. ती गव्हाची पिशवी मग शाळेतल्या एका मुलाच्या घरी पोचवली.

काकू धुऱ्याकडून अजून चार तास ज्वारी पेरतात. निम्मी पाखरे नेतात, तरी पेरतात. यंदा हिवाळ्यात त्या आमच्या घरी आल्या, सोबत एक थैली आणि पायली. दारातच बसून ज्वारी मापू लागल्या. दोन पायल्या. मी पाकीट आणायला उठले तर म्हणाल्या, “पैसे कायचे वं? लॉकडाऊनात तुह्या मायनं मले दोन पायल्या गहू देल्ले व्हते. तेच वापस आनले.”

मी म्हटले, “काकू, आज ज्वारी गव्हापेक्षा महाग आहे. हा हिशेब बरोबर होत नाही, तुमचे नुकसान होते.”

“पायली बरोबर हाय ना?” त्या म्हणाल्या, आणि थैलीच्या तळाशी राहिलेली मूठभर ज्वारी पायलीवर शीग लावून ओतली.